यु-१३ ची ट्रायल, चार क्लबांची युती आणि २८ हजार: भरू की थांबू?

येळ्ळूरचा_पप्पा

मंडळी नमस्कार, जरा लांबड आहे पण वाचा. आमचं पोरगं १२ चं, तीन वर्षं झाली बेळगावात टिळकवाडीकडच्या एका फुटबॉल क्लबात जायलंय, महिना ४०० रुपये, सरच कोन लावणार, सरच बॉलात हवा भरणार असला कारभार, पण पोरगं खूश आणि आम्ही पण. आता त्या क्लबानं आणि आणखी तिघांनी मिळून युती केलीय, त्यातला एक खानापूरकडचा, एक निपाणीकडचा, एक आपल्या गावातलाच. यु-१२ पर्यंत, म्हणजे बाराच्या आतल्या पोरांचं, ज्याचं त्याच्या ग्राउंडवर, यु-१३ पासनं मात्र चौघांचा मिळून एकच क्लब, नवीन नाव, नवीन जर्सी, आणि आत जायला ट्रायल.

ट्रायलचे ५००. सिलेक्शन झालं की ४८ तासांत ३,००० प्रवेश फी, ती परत नाही. मग महिना १,८०० आणि किट ३,५००. रात्री बसून बेरीज केली, पहिल्या वर्षाला ट्रायलचे सोडून २८,१०० होतात, आणि बाहेरगावच्या मॅचा "खर्च वेगळा", तो किती ते पत्रकात कुठंच नाही. मी उद्यमबागला फौंड्रीत, शिफ्ट ड्युटी, प्रॅक्टिस आता शहराच्या पार त्या टोकाला लाईट लावलेल्या टर्फवर, म्हणजे पोराला संध्याकाळी सोडायचं कोण आणि आणायचं कोण हा एक वेगळाच सामना.

खरं सांगा, ट्रायल खरोखर ओपन असते का नावं आधीच ठरलेली असतात? आणि नाही घेतलं तर पोरानं जायचं कुठं, जुन्या क्लबात यु-१३ राहिलंच नाही की.

जुना_लेफ्टबॅक

आमच्या वेळी लेले ग्राउंडवर संध्याकाळी जाऊन उभारायचं, कोणतरी हाक मारायचं, झाली ट्रायल. फी नव्हती. पण लगेच "ते दिवस किती भारी" म्हणणार नाही मी, कारण आमच्यातली निम्मी पोरं एसएसएलसी (दहावी) नंतर गायब झाली, बुटाला पैसे नाहीत, कॉलेजची टीम एक झाली तर झाली, आणि शिकवायला कोण होतं, मोठी पोरं लाथा घालतील तेवढंच शिक्षण.

कोल्हापूरचं बघा. तिथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ह्या तालमी आहेत, पेठेची टीम म्हणजे घरची टीम, मॅच शाहू स्टेडियमला असली की अख्खी पेठ तिकडं. खर्चाला पेठ उभी राहते. अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा, २०१७ ला यु-१७ वर्ल्डकप आपल्याकडं झाला त्यात खेळला. आपल्याकडं फुटबॉल कॅम्पात म्हणजे छावणीकडं, शाळांच्या ग्राउंडवर आणि मिलिटरीवाल्यांच्यात वाढला, पेठ कुठली आणायची? म्हणून पावती पप्पांच्या नावानं फाटती. फी बघून मला पण घाम फुटला पण कारण हे आहे.

अनगोळची_आई

दादा आधी तो "खर्च वेगळा" काय ते विचारा, सगळी मेख तिथंच आहे. आम्ही लेकीला दोन वर्षांमागं दुसऱ्या एका ॲकॅडमीत घातलं होतं, नाव नको. महिन्याची फी परवडली, पण गोव्याला दोन दिवसाची टूर्नामेंट निघाली की गाडी, राहायचं, जेवण, एंट्रीतला वाटा, आणि मुलगी एकटी कशी पाठवायची म्हणून मी सोबत, म्हणजे तिकीट डबल. असं सीझनला तीनदा झालं. आणि सांगू का, त्या तीन टूर्नामेंटात मिळून पोरगी अर्धा तास पण खेळली नसेल. बेंचवर बसून बिस्किट खाल्ली. चोवीस जणांकडनं पैसे घेतले होते आणि आत एकावेळी अकराच जणं ना ओ.

तेव्हा दोन आकडे घ्या त्यांच्याकडनं, किती पोरं घेणार आणि वर्षाला बाहेरच्या मॅचा किती. तोंडी नको, पावतीच्या मागं लिहून सही घ्या. वाईट दिसतंय तर दिसू दे. आणि एक राहिलंच, ह्या युतीत पोरींची टीम आहे का नाही ते कोण सांगेल का? पत्रकात सगळीकडं "मुले" लिहिलंय, मुलं म्हणजे मुलगेच का ते कळेना.

ग्राउंडवरचा_कोच

आधी सांगून टाकतो, त्या चार क्लबांतल्या एकात मी शिकवतो, कुठल्या ते विचारू नका.

युती कशाला केली तर यु-१३ ला प्रत्येक क्लबात आठ-नऊच पोरं उरायला लागली. सातवी-आठवीत ट्यूशन सुरू झाली की पोरं गळतात, जुलैत पावसानं ग्राउंडचं शेत होतंय तेव्हा आणखी गळतात. आठ पोरांवर लीगला नाव कसं देणार? चार क्लबांची आठ-आठ जोडली की टीम होती. टर्फ तासाच्या भाड्यानं, त्यात लाईटचं जास्त, दोन लायसन्सवाले कोच, रेफ्री, रजिस्ट्रेशन. १,८०० त्यातच जातात, कोण बंगला बांधत नाही. ४०० मध्ये आमचे सर चालवत होते ते स्वतःच्या खिशातनं चालवत होते हे पण जरा ध्यानात घ्या.

आता ट्रायल. खोटं कशाला बोलू, तीन वर्षं पोरं डोळ्यासमोर आहेत, त्यामुळं दहा-बारा नावं डोक्यात असतातच. उरलेल्या जागांसाठी मात्र खरंच बघतो. आणि बघतो ते पालकांना वाटतं ते नाही. लांबनं गोल मारला की आया-बाप टाळ्या वाजवतात, आम्ही बघतो बॉल येण्याआधी पोरानं मान वळवून मागं बघितलं का, बॉल गेल्यावर उभारलं का पळालं, चुकल्यावर तोंड पाडलं का.

वयाचं पण बघा. गट जानेवारी ते डिसेंबर धरतात, त्यामुळं जानेवारीचं पोर आणि नोव्हेंबरचं पोर एकाच गटात, बारा-तेराव्या वर्षी हे दहा महिने म्हणजे चार इंच असू शकतात. ट्रायलला मोठं पोर दिसतंय, बारकं हरवतंय. जन्मदाखला ओरिजिनल आणा. आपल्याकडं आज्जा-काका सगळ्यांची तारीख गुरुजींनी घातलेली १ जून, ते दिवस गेले, आता वयाचा संशय आला की मनगटाचा एक्स-रे काढून हाडावरनं वय बघतात, टीडब्ल्यू-३ म्हणतात त्याला.

ताई, पोरींचं अजून ठरलं नाही. दहा जणी जमल्या तर करू असं बोलणं झालंय.

अनगोळची_आई

म्हणजे पोरींनी आधी दहा जमवायच्या आणि पोरांसाठी चार क्लब जमवायचे. बरं. माझी एक धरा, नऊ बघते.

शिनोळीकर

मी पलीकडचा, म्हणजे घर चंदगड तालुक्यात महाराष्ट्रात आणि पोराची शाळा बेळगावात, सकाळी बॉर्डर ओलांडून जातंय, दुपारी ओलांडून येतंय, त्याला काय फरक नाही, फॉर्म भरताना मला असतो. शाळेकडनं खेळला तर शाळा जिथं ते राज्य, म्हणजे कर्नाटक, हे सरळ आहे. क्लबचं वेगळं. इकडचे क्लब कर्नाटकच्या असोसिएशनखाली आणि कोल्हापूरकडचे विफाखाली, म्हणजे महाराष्ट्राच्या असोसिएशनखाली. ऑल इंडिया फेडरेशनच्या सीआरएस वर, म्हणजे खेळाडू नोंदणीच्या सिस्टीमवर, पोराचं नाव एका क्लबाकडं लागलं की मग मधेच दुसऱ्याकडनं खेळतो म्हणून चालत नाही, ट्रान्सफर करावी लागती. आमच्या थोरल्याच्या वेळी मला हे माहीत नव्हतं, गडहिंग्लजकडनं बोलावणं आलं आणि आम्ही कागद हुडकत बसलो.

म्हणून येळ्ळूरकर, तुम्ही विचारायचा प्रश्न हा की सीआरएस वर नाव कुणाचं लागणार, जुन्या क्लबाचं का नव्या युतीचं? ह्यात सरांचा पण विषय आहे. फिफाच्या नियमात १२ व्या वर्षापासनं २१ व्या वर्षापर्यंत पोराला ज्यांनी ज्यांनी घडवलं त्या क्लबांना, पोरगं प्रोफेशनल झालं की ट्रेनिंगची भरपाई द्यायची तरतूद आहे. आता आपल्यातलं कितीसं पोर तिथवर जाणार, लाखात एक म्हणा, पण पोरगं बरोब्बर १२ चं झाल्यावर नाव बदलायचं ठरलंय हे बघून मला जरा हसू आलं.

जुना_लेफ्टबॅक

शिनोळीकर, हे डोक्यात आलं नव्हतं. ४०० वर बॉल फुगवलेल्या माणसाचं नाव कुठंच नसणार म्हणजे.

ग्राउंडवरचा_कोच

त्यावर आमच्यातच दोन मतं आहेत. इथं जास्त बोलत नाही.

येळ्ळूरचा_पप्पा

सगळ्यांना थँक्यू. काल सेकंड शिफ्टला जायच्या आधी तिथं जाऊन आलो, ताईंनी सांगितलं तसं कागद घेऊनच गेलो, समोरचे जरा बिचकले पण बोलले नीट. बावीस पोरं घेणार. बाहेरच्या मॅचा वर्षाला चार, प्रत्येकाला साधारण १,५०० धरा म्हणाले, म्हणजे आणखी ६,०००. लिहून द्या म्हटलं तर "साधारण" हा शब्द घालून लिहून दिलं, चालतंय. ३,००० चे दोन हप्ते करून मिळतात, पण विचारलं तरच, पत्रकात नाही. ४८ तासाचं मात्र हलत नाहीत. सीआरएस वर नवीन नाव लागणार. सिलेक्शन न झालेल्या पोरांसाठी रविवार-रविवार एक बॅच ठेवणार आहेत ६०० मध्ये, जुन्याच ग्राउंडवर, ती आमचे सर घेणार.

हे सगळं ऐकून सरांना फोन लावला. सर म्हणाले पोराला पाठव, माझ्याकडं त्याला शिकवायचं आता काय उरलं नाही, नावाबिवाचं मी बघतो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली ट्रायलचे ५०० भर, पुढचं पुढं. नेण्या-आणण्याचं वडगावच्या एका पालकाशी बोललोय, ते सोमवार-बुधवार, मी शिफ्ट बघून शुक्रवार, पेट्रोल अर्धं-अर्धं.

पोराला ह्यातलं काहीच पडलेलं नाही. त्याचं एकच, नव्या क्लबात जर्सीवर आपला ६ नंबर मिळतोय काय.

ग्राउंडवरचा_कोच

६ निपाणीच्या पोराला दिलाय. १४ मोकळा आहे, सांगून ठेवा त्याला.

अनगोळची_आई

ट्रायल रविवारी आहे ना ओ कोच?