अल्सरेटिव्ह कोलायटिस: पथ्याचं जेवण किती दिवस, आणि नेहमीच्या जेवणावर परत कसं यायचं?

अंगणवेल

नवऱ्यासाठी विचारते आहे. वय 36, उंची 5 फूट 7 इंच, वजन 54 किलो (आजाराआधी 63). अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा आजार), डाव्या बाजूपुरता. जानेवारीत फ्लेअर (आजाराची उसळी) आला होता. स्टिरॉइड हळूहळू कमी करून दीड महिन्यापूर्वी बंद झालं. आता मेसालामिन (आतड्याची सूज आवरणारं औषध) रोज 2.4 ग्रॅम. दिवसातून दोनदा शौचाला बांधून होते, रक्त नाही, रात्री उठावं लागत नाही. मागच्या आठवड्यातले रिपोर्ट: कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारी शौचाची तपासणी) 86, हिमोग्लोबिन 10.1, फेरिटिन 9.

डिस्चार्जच्या कागदावर "तिखट, तेलकट, पालेभाज्या, कडधान्य, दूध बंद" एवढंच लिहिलं होतं. कधीपर्यंत, ते नाही. तेव्हापासून जेवण एकच: मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, ताक. माझे प्रश्न:

1. हे किती दिवस चालवायचं? काय आधी सुरू करायचं, काय शेवटी?
2. ज्वारीची भाकरी चालेल का? घरात मुख्य जेवण तेच आहे.
3. नातेवाईक गुळवेल, गव्हांकुराचा रस आणि कोरफड सुचवत आहेत. द्यावं का?
4. आषाढी एकादशीचा उपवास करायचा म्हणतात.

---

सारंगा

अंगणवेल, तो कागद फ्लेअरपुरता असतो, हे डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट सांगायला हवं होतं. आतड्याला सूज आणि व्रण असताना चोथा कमी ठेवला की मळ कमी होतो, पोटात कळा कमी येतात. त्याचा उपयोग तेवढाच. त्याने सूज उतरत नाही, सूज औषधांनी उतरते. म्हणून आजार शांत झाल्यावर ते जेवण पुढे रेटण्यात फायदा नाही आणि नुकसान बरंच आहे. तुमच्याकडे ते नुकसान रिपोर्टमध्येच दिसतंय.

हिशोब करून बघू. दिवसाला 200 ग्रॅम तांदळातून साधारण 14 ग्रॅम प्रथिनं, 60 ग्रॅम मूगडाळीतून 14, ताकासाठी घुसळलेल्या 100 ग्रॅम दह्यातून 3 ते 4. एकूण 32 च्या आसपास. फ्लेअरमध्ये दर किलो वजनामागे 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात, शांत काळात 1 ग्रॅम. पण 9 किलो वजन भरून काढायचं आहे, तर निदान 1.2 धरा, म्हणजे 65 ग्रॅम. सध्या पोटात जातंय ते निम्मं.

हे अंतर भाज्यांनी भरत नाही. रोज दोन उकडलेली अंडी (12), ताकाऐवजी 200 ग्रॅम दही (3 ते 4 ची भर), 50 ग्रॅम पनीर (9) आणि आठवड्यातून तीन-चारदा 100 ग्रॅम मासा किंवा चिकन (18 ते 25), तळून नाही, रश्शात. यातल्या कशातही चोथा नाही, त्यामुळे हे उद्यापासून सुरू करता येईल. शाकाहारी घर असेल तर पनीर 100 ग्रॅम करा आणि वरण पातळ न करता घट्ट ठेवा. वरणातलं पाणी वाढतं तशी वाटी तीच राहते आणि डाळ निम्मी होते, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

फेरिटिन 9 म्हणजे लोहाचा साठा संपलेला आहे. तो पालक-खजूर-गुळाने भरून निघणार नाही, डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. आजार शांत असेल तर गोळ्या चालतात, पण दिवसाला 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मूळ लोह (गोळीचं वजन नव्हे, त्यातलं निव्वळ लोह) नको. जास्त घेतलं तर शोषलं जात नाही, आतड्यात उरतं आणि त्रास देतं. गोळी सोसत नसेल, आजार उसळलेला असेल किंवा हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेलं असेल तर शिरेतून लोह देतात. तुमचा आकडा त्या रेषेवरच आहे, म्हणून थांबू नका. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. गोळीने शौच काळं होतं, ते रक्त समजून घाबरू नका.

---

वरणफळ

क्रमाबद्दल लिहितो. नियम एकच आणि तो मोडला की सगळी मेहनत वाया जाते: एका वेळी एकच नवा पदार्थ, पहिल्या दिवशी दोन चमचे, दुसऱ्या दिवशी पाव वाटी, तिसऱ्या दिवशी अर्धी. तीन दिवस ठीक गेले तरच पुढचा. वहीत तारीख, पदार्थ, प्रमाण, किती वेळा शौचाला गेले आणि रक्त किंवा आव होती का, एवढंच लिहा.

आधी साल काढून मऊ शिजवलेलं: दोडका, पडवळ, लाल भोपळा, गाजर. फळांत पिकलेलं केळं, पपई, साल काढून वाफवलेलं सफरचंद. मग मसूर आणि तुरीची डाळ, मग मऊ फुलका. त्यानंतर पालेभाजी, पण देठ काढून फक्त पानं, शिजवून रवीने घोटलेली, डाळीचं पीठ लावून. दाण्याचं कूट आणि अख्खे शेंगदाणे सध्या नको. पालक, चाकवत, चुका सोपे. मेथी आणि अंबाडी मागाहून.

कडधान्यांत मोड आलेले मूग पहिले, मग मटकी. चवळी, हरभरा, राजमा, वाटाणा सगळ्यात शेवटी. आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, कारण गॅस करणाऱ्या साखरा त्या पाण्यात उतरतात. कुकरमध्ये इतकं शिजवा की दाणा दोन बोटांत दाबला की पीठ व्हावा. उसळीत जो कच्चट, दाताखाली येणारा दाणा आपल्याला आवडतो तो इथे नको. कच्ची कोशिंबीर सगळं जमल्यावर: साल आणि बिया काढलेली काकडी किसून, दह्यात.

भाकरी: ज्वारीत चोथा आहे, पण वर्ज्य नाही. फुलका जमल्यावर सुरू करा. पीठ बारीक दळलेलं आणि ताजं, उकळत्या पाण्यात उकड काढून मळलेलं. पहिल्यांदा चतकोर, ती वरणात किंवा दुधीच्या रश्शात कुस्करून. पंधरा दिवसांत अर्ध्यावर या. बाजरी आणखी नंतर. नाचणीची भाकरी देण्याआधी सत्त्व द्या: नाचणी रात्रभर भिजवून वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका वापरायचा. कोंडा फडक्यात राहतो आणि आंबिल हलकी होते. मात्र नाचणीचं बरंचसं कॅल्शियमही त्या कोंड्यातच असतं, तेव्हा सत्त्वाकडे ताकदीचं औषध म्हणून बघू नका.

दूध: 100 मिलि जेवणासोबत देऊन बघा. पोट फुगलं, ढाळ झाले, पण रक्त नाही, तर ते दुधातली साखर न पचण्याचं लक्षण, कोलायटिसचं नव्हे. दही आणि पनीर अशा लोकांनाही बहुधा चालतं. स्टिरॉइड इतके महिने चालल्यामुळे हाडांसाठी कॅल्शियम लागणारच आहे, म्हणून "दूध बंद" हे कायमचं करू नका. ड जीवनसत्त्वाची तपासणी झाली नसेल तर सांगून करून घ्या.

तिखटाने आग होते, घाई होते. तिखटाने आतड्याला व्रण पडतात असं मात्र दिसलेलं नाही. रंगासाठी बेडगी मिरची, चवीला गोडा मसाला, फोडणी एका चमच्याची. बेचव जेवणामुळे माणूस कमी खातो आणि वजन आणखी उतरतं, हे या आजारात फार होतं.

---

अंगणवेल

दोघांचे मनापासून आभार. वरणाचं पाणी मी खरंच वाढवत होते. एक शंका: जेवल्यावर दहा मिनिटांत त्यांना शौचाला जावं लागतं. ते म्हणतात जे खाल्लं तेच बाहेर पडतं, आणि तो पदार्थ बंद करतात. अशाने यादी आखडत चालली आहे.

---

सारंगा

नुकतं खाल्लेलं दहा मिनिटांत बाहेर येऊ शकत नाही. जेवण जठरात उतरलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो, ती शरीराची नेहमीची प्रतिक्रिया. हुळहुळं झालेलं आतडं त्याला जास्त जोराने उत्तर देतं. बाहेर येतं ते कालचं किंवा परवाचं. म्हणून पदार्थाला दोष द्यायचा तर त्या क्षणावरून नाही, तीन दिवसांच्या वहीवरून. मोठ्या ताटाऐवजी दिवसात पाच लहान जेवणं आणि सकाळच्या पहिल्या चहाबरोबर काहीतरी खाणं, याने घाई कमी होते.

आणि गॅस, गुडगुड, फुगणं म्हणजे फ्लेअर नव्हे. फ्लेअरची खूण वेगळी: रक्त, आव, रात्री झोपेतून उठवणारी घाई, शौच होऊनही कुंथत राहणं. खात्री हवी तर कॅलप्रोटेक्टिन. 50 च्या खाली निर्धास्त, 250 च्या वर सूज चालू असण्याची शक्यता मोठी, मधला पट्टा संदिग्ध. 86 हा त्या पट्ट्यातला खालचा आकडा आहे. दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. लॅब बदलली की आकड्यांची तुलना होत नाही. त्याआधी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्या नको, त्यांनी आकडा वाढतो. एरवीही त्या गोळ्या या आजाराला उसळवू शकतात. डोकेदुखीला पॅरासिटामॉल.

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्तासह शौच आणि जोडीला ताप किंवा नाडी 90 च्या वर, असं झालं तर आहाराचा विचार सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

---

घटप्रभा

काढे आणि रसांबद्दल. गुळवेल नको. ती प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून घेतात, आणि इथे आजारच प्रतिकारशक्ती आपल्या आतड्यावर उलटल्याचा आहे. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक जुलाब करतो आणि घरी काढलेल्या रसात तो उतरतोच. गव्हांकुराचा रस कच्चा असतो, ही त्यातली मोठी अडचण. पुढे अझाथायोप्रीनसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं तर कच्चे रस, कापून ठेवलेली फळं, पाणीपुरीचं पाणी, न तापवलेलं दूध हे सगळंच टाळावं लागतं.

हळद भाजीत हवी तेवढी. पण ज्या चाचण्यांत फायदा दिसला त्यांत मेसालामिनच्या जोडीला रोज 2 ते 3 ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. हळदीत ते साधारण 3 टक्के असतं, म्हणजे 2 ग्रॅमसाठी 65 ग्रॅमच्या वर हळद लागेल. हळद-दुधाने ते होणार नाही, आणि कर्क्युमिनच्या गोळ्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नका, त्यांनीही क्वचित यकृताला त्रास होतो.

इसबगोल मात्र शांत काळात खरंच उपयोगी. अर्धा चमचा, पूर्ण पेला पाण्यात, लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. आठवड्याने एक चमचा. फ्लेअरमध्ये बंद.

पाकिटावर 407, 433, 466 हे आकडे दिसले तर ते घट्टपणा आणणारे किंवा घटक एकजीव ठेवणारे पदार्थ आहेत, आइसक्रीम आणि चवीच्या दुधात सापडतात. त्यांच्याविरुद्धचा पुरावा बराचसा उंदरांवरचा आहे, तरी ते टाळून काही बिघडत नाही.

हा धागा वाचणाऱ्या क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) रुग्णांनी वरचा क्रम जसाच्या तसा उचलू नये. क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालेलं असू शकतं. जेवणानंतर तासा-दोन तासांनी पिळवटून कळ, फुगणं, उलटी होत असेल तर शेंगदाणे, मका, शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा, इसबगोल, सगळंच अडकू शकतं. आधी स्कॅन, मग आहार.

---

वरणफळ

उपवासाचं राहिलं. निर्जळी नको. अडचण साबुदाण्याची नाही, त्यात चोथा नगण्य आहे. अडचण खिचडीतल्या अर्धी वाटी कुटाची, हिरव्या मिरचीची आणि तुपात परतलेल्या बटाट्याची. त्याऐवजी वरीचा मऊ भात आणि दही (दाण्याची आमटी वगळून), साल काढलेलं उकडलेलं रताळं, शिंगाड्याच्या पिठाची पातळ खीर, केळं, पनीर. गोळ्या नेहमीच्या वेळी. आणि नवीन पदार्थाची चाचणी त्या आठवड्यात थांबवा, नाहीतर वहीतून काहीच कळणार नाही.

---

अंगणवेल

उद्यापासून अंडी आणि घट्ट वरण. लोहासाठी गुरुवारची वेळ घेतली आहे. पहिला नवा पदार्थ दोडका घेते. शिरा काढून साल पूर्ण सोलायची ना?

---

वरणफळ

हो, पूर्ण सोला. कोवळा घ्या, मधल्या बिया टणक लागल्या तर गर काढून टाका. मूगडाळीत न घालता वेगळा शिजवा, म्हणजे पहिल्या दिवशीचे दोन चमचे वेगळे मोजून वाढता येतील. सालीची चटणी तुम्ही खा, त्यांना नको.