हॉक-आय आलं तरी अ‍ॅलनचा तो स्नीक अपुराच ठरला असता का?

स्नॅपकाउंट (प्रश्न)

एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. २०२५ च्या हंगामापासून फर्स्ट डाऊनचं माप (चार प्रयत्नांत, म्हणजे डाऊनमध्ये, १० यार्ड पुढे गेलं की नाही ते) साखळीऐवजी हॉक-आय ही कॅमेऱ्यांची यंत्रणा घेणार, असं लीगने १ एप्रिल २०२५ ला जाहीर केलं. क्रिकेटमुळे हॉक-आय आपल्या ओळखीचं, त्यामुळे बॉल नेमका कुठवर गेला ते आता यंत्रच सांगणार, असा माझा समज झाला.

मग साहजिकच २६ जानेवारी २०२५ चा एएफसीचा (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामना आठवतो. चौथं क्वार्टर, साधारण १३ मिनिटं शिल्लक, बिल्स संघ चीफ्सविरुद्ध २२-२१ ने पुढे. चीफ्सच्या ४१ यार्डवर चौथा डाऊन, जेमतेम एक यार्ड हवा. बिल्सच्या क्वार्टरबॅक (डाव चालवणारा खेळाडू) जॉश अ‍ॅलनने स्नीक केला (बॉल पोटाशी धरून स्वतःच समोरच्या गर्दीत घुसला), तो अपुरा ठरवला गेला, आणि रिव्ह्यूनंतरही निर्णय बदलला नाही. चीफ्स ३२-२९ जिंकले. ही यंत्रणा तेव्हा असती तर निकाल वेगळा लागला असता का? बॉलमध्ये चिप असते असंही वाचलंय. मग अडतं कुठे?

दुसरी शंका त्याआधीच्या आठवड्यातली. १८ जानेवारीला टेक्सन्सविरुद्ध चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्स याच्या बाजूने दोनदा पिवळा फ्लॅग (गुन्ह्याची खूण) पडला, एकदा टेक्सन्सच्या विल अँडरसनच्या धक्क्यावर आणि एकदा उशिरा घेतलेल्या स्लाइडवर. दोन्ही ठिकाणी नियम एकच लागला का? आणि असे फ्लॅग आता रिव्ह्यूत मागे घेता येतात का?

कडेचा पंच

पहिल्या शंकेचं उत्तर: काहीही बदललं नसतं. ‘स्पॉट’ आणि ‘माप’ ही दोन वेगळी कामं आहेत. हॉक-आय आलंय ते फक्त मापासाठी.

स्पॉट माणसंच देतात. डाऊन जज आणि लाइन जज हे दोघं मैदानाच्या दोन कडांना, स्क्रिमेज रेषेच्या (जिथून डाव सुरू होतो) दोन टोकांना उभे असतात. स्नीक झाला की दोघं आपापल्या बाजूने आत धावत येतात आणि धावणाऱ्याची पुढची मजल जिथे थांबली असं त्यांना दिसलं, तिथे पाय रोवतात. त्या पायाच्या रेषेत बॉल ठेवला जातो. इथपर्यंत यंत्राचा काही संबंध नाही.

माप नंतर येतं. जमिनीवर ठेवलेल्या त्या बॉलचं पुढचं टोक गाठायच्या रेषेला पोचतं की नाही, एवढाच तो प्रश्न. आधी त्यासाठी साखळी आत आणावी लागायची. आता प्रत्येक स्टेडियममध्ये बसवलेले सहा ८के कॅमेरे ठेवलेला बॉल शोधून अंतर काढतात आणि त्याचं चित्र पडद्यावर येतं. या सगळ्याला साधारण ३० सेकंद लागतात, आणि साखळीच्या तुलनेत ४० सेकंदांपर्यंत वाचतात असं लीग सांगते. साखळीवाले कडेला राहणारच आहेत, यंत्र बंद पडलं तर माप त्यांच्याकडे.

म्हणजे पाय अर्धा फूट मागे पडला असेल, तर हॉक-आय ती अर्ध्या फुटाने चुकलेली जागा अगदी काटेकोर मोजून देईल. ‘हॉक-आयमुळे स्पॉटचे वाद संपले’ हे सध्या जिकडेतिकडे दिसणारं वाक्य म्हणूनच मला फार खटकतं. वाद स्पॉटचे आहेत आणि सुधारणा मापात झाली आहे.

क्रिकेटची तुलना कुठे तुटते तेही बघा. पायचीतच्या निर्णयात बॉल उघड्यावर असतो, सगळे कॅमेरे त्याला पॅडपर्यंत पाहू शकतात, आणि पुढचा मार्ग गणिताने काढता येतो. स्नीकमध्ये बॉल क्वार्टरबॅकच्या पोटाशी असतो. समोर सेंटर आणि दोन गार्ड (त्याच्याच संघाचे आघाडीचे खेळाडू), मागून ढकलणारे, वरून बचावातले तीनशे पौंडांचे दोन-तीन गडी. कुठल्याच कॅमेऱ्याला बॉल दिसत नाही. जे दिसतच नाही त्याचा मार्ग यंत्राने काढायचा कसा?

त्या सामन्यात टीव्हीवर दोन बाजूंचे अधिकारी थोड्या वेगळ्या जागांवर येताना दिसले आणि शेवटी मागची जागा धरली गेली. निर्णय खरा तिथेच झाला. रिव्ह्यूत मैदानावरचा निर्णय फिरवायला ‘स्पष्ट आणि उघड’ पुरावा लागतो, आणि तो नव्हता. हे थेट ‘अंपायर्स कॉल’सारखं आहे. पुढची जागा धरली असती तर तीही रिव्ह्यूत तशीच टिकली असती.

आणखी एक गोष्ट. टीव्हीवर फर्स्ट डाऊनसाठी दिसणारी पिवळी रेघ प्रक्षेपण करणारे काढतात, ती अधिकृत नसते. गोल लाइनवर नेमक्या रेषेत बसवलेले कॅमेरे असतात, तिच्या टोकांच्या पायलॉन या उभ्या खुणांतही असतात. ४१ यार्डच्या रेषेत असा कॅमेरा नसतो. जो असतो तो थोडा मागून किंवा पुढून तिरका बघतो. बॉल जमिनीपासून दोन फूट वर असला की अशा कोनातून तो खऱ्यापेक्षा पुढे किंवा मागे भासतो. त्या पिवळ्या रेघेवर बोट ठेवून ‘गेला होता’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

चिपचर्चा

चिपबद्दल. एनएफएलच्या बॉलमध्ये २०१७ पासून आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी जागा सांगणारी चिप) आहे, खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्येही असतात. त्यातून वेग, अंतर, कोण कुठे धावलं ही आकडेवारी निघते. स्पॉटसाठी ती वापरायची तर तीन अडचणी येतात.

एक तर अचूकता. या टॅगची चूक काही इंचांची असते. रिसीव्हर ताशी किती मैलांनी धावला हे सांगायला तेवढं पुरतं, चौथ्या डाऊनला नाही.

दुसरी अडचण बॉलच्या आकाराची. बॉल सुमारे ११ इंच लांब असतो आणि नियम त्याच्या पुढच्या टोकाचा आहे. बॉल लांबीच्या दिशेने धरलाय की आडवा, यावर ते टोक मध्यापासून साडेपाच इंच पुढे की तीनेक इंच, हे ठरतं. एका टॅगवरून जागा कळते, बॉल कसा वळलाय ते कळत नाही.

तिसरी सगळ्यात मोठी, वेळेची. बॉल कुठे होता एवढं पुरत नाही, *केव्हा* तिथे होता हे लागतं. गुडघा किंवा कोपर टेकायच्या क्षणी, किंवा पुढची चाल थांबल्याचं अधिकाऱ्याने धरलं त्या क्षणी. गुडघ्यात टॅग नाही, आणि चाल थांबली हा तर माणसाचाच अंदाज. चिप उद्या अर्ध्या इंचापर्यंत अचूक झाली, तरी तो क्षण कुणीतरी ठरवावाच लागेल.

पांढरी टोपी

माहोम्सचे दोन फ्लॅग. नियम वेगवेगळे आहेत आणि चर्चेत ते सर्रास एकत्र केले जातात.

अँडरसनचा फ्लॅग ‘रफिंग द पासर’चा, म्हणजे पास फेकणाऱ्याशी धसमुसळेपणा केल्याचा. शिक्षा १५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाऊन. या एका नावाखाली पोटनियम बरेच आहेत. बॉल सुटल्यावर बचावपटूला एक पाऊल माफ असतं, दुसऱ्या पावलापर्यंत त्याने स्वतःला आवरायला हवं. डोक्याला किंवा मानेला जोरदार स्पर्श नको. गुडघ्यावर किंवा त्याखाली आघात नको. पासरला खाली आणताना सगळं वजन त्याच्यावर टाकायचं नाही.

यातले बरेचसे कडक झाले ते एकेका दुखापतीनंतर. २००६ च्या जानेवारीत क्वार्टरबॅक कार्सन पामरचा गुडघा गेला, २००८ च्या पहिल्याच सामन्यात टॉम ब्रेडीचा. त्यानंतर गुडघ्याचा नियम आवळत गेला. १५ ऑक्टोबर २०१७ ला अँथनी बारच्या टॅकलमध्ये अ‍ॅरन रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं आणि २०१८ ला वजनाच्या कलमावर भर आला. त्याचा त्रास लगेच दिसला. बचावपटू क्ले मॅथ्यूजला पहिल्या तीनही सामन्यांत फ्लॅग मिळाले, आणि डॉल्फिन्सच्या विल्यम हेजने डेरेक कारवर वजन पडू नये म्हणून अंग वळवताना स्वतःचाच गुडघा फाडून घेतला. शंभर किलोंहून जड माणसाने हवेत असताना वजन कुठे टाकायचं हे ठरवायचं, ही अपेक्षाच शरीराच्या विरुद्ध आहे. या कलमाबद्दल माझं मत तेव्हापासून वाईट आहे.

क्वार्टरबॅक पॉकेटबाहेर (सहकाऱ्यांच्या आडोशाबाहेर) पळत फेकत असेल, तर एका पावलाचं आणि गुडघ्याचं संरक्षण जातं. डोक्याचं राहतं. टीव्हीवर समालोचकही हे विसरतात.

आता अँडरसन. रेफरी क्ले मार्टिन यांनी सामन्यानंतर दिलेलं कारण होतं फेसमास्कच्या भागाला जोरदार स्पर्श. स्पर्श झाला होता. जोर किती, हा प्रश्न. आणि पासरच्या बाबतीत शंका असेल तर फ्लॅग टाकावा, असं नियमपुस्तकच रेफरीला सांगतं. माझ्या मते तो फ्लॅग कमजोर होता, पण नियमाबाहेरचा नव्हता.

स्लाइडचा फ्लॅग मात्र पासरचा नाही, धावणाऱ्याचा. क्वार्टरबॅक पाय पुढे टाकून घसरला की हात-पाय सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागताच बॉल मृत होतो. बचावपटूने आधीच झेप घेतली असेल आणि टक्कर अटळ असेल, तर तो गुन्हा धरत नाहीत. ठळक अपवाद: हेल्मेट, खांदा किंवा कोपराखालच्या हाताने डोक्याला-मानेला जोरदार मार. माहोम्स फारच उशिरा खाली गेला आणि टेक्सन्सचे दोघे मुख्यतः एकमेकांवर आदळले. मार्टिन यांनी तिथेही हेल्मेटला जोरदार स्पर्श झाल्याचं सांगितलं. चित्रात मला तो जोर दिसत नाही. हा फ्लॅग चुकीचा होता असंच मी म्हणेन. खऱ्या गुन्ह्याचा नमुना हवा असेल तर १ डिसेंबर २०२४ चा अझीझ अल-शायरचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सवरचा मार बघा. लॉरेन्स केव्हाच खाली गेला होता आणि कोपराखालचा हात थेट डोक्यात बसला. त्याला तीन सामन्यांची बंदी झाली ती योग्यच.

रिव्ह्यूबद्दल: २०२४ पासून रफिंगमध्ये डोक्याला स्पर्श झालाच नव्हता असं उघड दिसलं, तर रिप्ले असिस्ट (व्हिडिओ बघून सल्ला देणारे अधिकारी) रेफरीला फ्लॅग उचलायला मदत करू शकतात. अँडरसनच्या बाबतीत ते लागू पडत नाही, कारण स्पर्श होता. २०२५ ला या यादीत बचावहीन (स्वतःला सावरू न शकणाऱ्या) खेळाडूच्या डोक्यावरचा मार, फेसमास्क, हॉर्स-कॉलर (मागून कॉलर ओढून पाडणं), ट्रिपिंग (पाय घालून पाडणं) आणि किकरवरचे गुन्हे आले. स्लाइड घेतलेला क्वार्टरबॅक बचावहीन धरला, आणि मार्टिन यांनी तो तसाच धरला होता, तर २०२५ च्या हंगामापासून तसा फ्लॅग मागे घेता येण्याची शक्यता निदान तयार झाली आहे. पण मदत एकाच दिशेने आहे. पडलेला फ्लॅग उचलता येतो. न पडलेला टाकता येत नाही.

बावीस-दहा

स्नीकचा विषय निघालाय म्हणून ‘टश पुश’बद्दल, म्हणजे क्वार्टरबॅकला मागून ढकलून केलेल्या स्नीकबद्दल, थोडं. पॅकर्स संघाने २०२५ मध्ये बंदीचा प्रस्ताव आणला होता. मार्चमध्ये तो फक्त स्नॅपनंतर (सेंटरने बॉल मागे दिल्यावर) लगेच ढकलण्यापुरता होता, मे महिन्यात शब्द बदलून धावणाऱ्याला कुठेही ढकलायला मनाई असा झाला. ३२ संघांपैकी २४ मतं लागतात, पडली २२. म्हणून ईगल्स संघाचा हा डाव २०२५ लाही चालू राहिला.

बंदीची चर्चा दुखापतीवर झाली, पण अधिकाऱ्यांची खरी अडचण वेगळी आहे. गार्ड स्नॅपच्या आधी हलला का, बचावपटूचं हेल्मेट बॉलच्या रेषेपलीकडे होतं का, हे इंचांत आणि क्षणांत बघायचं असतं. एनएफसीच्या (लीगचा दुसरा गट) अंतिम सामन्यात ईगल्सविरुद्ध कमांडर्सचा फ्रँकी लुवू स्नॅपआधी वारंवार रेषेवरून उडी मारत राहिला, तेव्हा असंच चाललं तर टचडाऊन बहाल करू अशी ताकीद रेफरीला द्यावी लागली.

स्नॅपकाउंट

सगळ्यांचे मनापासून आभार, स्पॉट आणि माप यातला फरक आता पक्का झाला. एकच विचारतो: स्पॉट माणसाच्याच हातात राहणार असेल, तर क्वार्टरबॅकला आणि कोचला आपल्या बाजूने काय करता येतं?

कडेचा पंच

थोडंफार करता येतं. अधिकारी जे पाहतो त्याचंच श्रेय देतो. बॉल छातीखाली दडलेला असेल तर तो खांद्यांवरून आणि कमरेवरून अंदाज बांधतो. त्यामुळे सरळ ढिगात घुसण्यापेक्षा सेंटर आणि गार्ड यांच्या फटीतून थोडं मोकळं निघता आलं, तर स्पॉट बरा मिळण्याची शक्यता वाढते.

हात लांबवून बॉल पुढे काढण्याचा मोह मैदानाच्या मध्यावर महाग पडतो. गोल लाइनवर बॉल रेषेला लागला की खेळ तिथेच संपतो, म्हणून तिथे हात लांबवणं फायद्याचं. ४१ यार्डवर खेळ चालूच असतो. क्वार्टरबॅकने बॉल पुढे नेला आणि *स्वतःहून* पुन्हा पोटाशी ओढला, तर आधीची पुढची जागा मिळत नाही. प्रतिस्पर्ध्याने मागे रेटलं तरच मिळते. आणि बॉल निसटला तर चौथ्या डाऊनला ज्याच्या हातून निसटला त्यालाच तो पुढे नेता येतो. संघातल्या दुसऱ्या कुणी पुढे जाऊन उचलला तर तो निसटला त्या जागी परत आणतात.

कोचसाठी: स्पॉट फायद्याचा मिळाला असेल, तर प्रतिस्पर्धी चॅलेंजचा लाल रुमाल टाकण्याआधी पुढचा स्नॅप घ्यायचा. एकदा स्नॅप झाला की आधीचा खेळ तपासता येत नाही. उलट बाजूला असाल तर आधी कॅमेऱ्याचा कोन बघा. बॉल दिसत नसेल तर रुमाल खिशातच ठेवा, कारण हरलेल्या चॅलेंजबरोबर एक टाइमआउट जातो. २०२४ पासून दोनपैकी एक चॅलेंज जिंकलं तरी तिसरं मिळतं, पण ढिगाखालच्या स्पॉटवर ते पहिलं जिंकणंच अवघड.