आधी सिग्नलिंग (कॉल जुळवणाऱ्या निरोपांची देवाणघेवाण) बाहेर काढा, मग स्क्रीन शेअरिंग

"स्क्रीन शेअरिंग आत्ता घालू, साफसफाई नंतर बघू" हे तुमच्या व्हिडिओ कॉल अ‍ॅपबद्दलचं म्हणणं काही पटलं नाही. कॅमेऱ्याच्या जागीच स्क्रीन दाखवायची असेल तर रिप्लेसट्रॅकवर (चालू व्हिडिओच्या जागी दुसरा लावणारं फंक्शन) निभावतं. पण दोन्ही एकत्र हवेत म्हणताय, म्हणजे चालू कॉलमध्ये पुन्हा निगोशिएशन, म्हणजे काय पाठवायचं याची दोन्ही बाजूंची बोलणी, आलंच. दोन्हीकडून एकाच वेळी ऑफर (बोलणीचा प्रस्ताव) निघाली की घोळ ठरलेला. त्यावर तोड वेबआरटीसीच्या (ब्राउझरमधल्या कॉलचं तंत्र) स्पेसिफिकेशनमध्येच आहे: एक बाजू नमतं घेणारी ठरवायची. टक्कर झाली की ती आपली ऑफर रोलबॅक करते, म्हणजे मागे घेते, दुसरी समोरच्या ऑफरकडे काणाडोळा करते. पण त्यासाठी सिग्नलिंगची स्टेट (बोलणी कुठवर आली याची नोंद) एका जागी हवी, आणि तुमची तर यूआयच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या बटणांच्या, कॉलबॅकमध्ये विखुरलीय. आधी तेवढंच उचलून वेगळं करा.

ऑडिओच्या वाटेला मात्र उगाच जाऊ नका. ओपस या ऑडिओ कोडेकची फ्रेम सहसा 20 मिलिसेकंदांची, 48 किलोहर्ट्झला 960 सॅम्पल. देखण्या कोडच्या नादात ऑडिओच्या थ्रेडवर एखादं लॉक (दुसऱ्या थ्रेडसाठी थांबायला लावणारं) शिरलं की आवाज तुटतो, आणि युनिट टेस्ट आपल्या हिरव्याच!

ऑफिसच्या वायफायवर तसंही सगळं गोडच वाटतं. नेटेमने (लिनक्सवर खराब नेटवर्कची नक्कल करणारं साधन) 5 टक्के पॅकेट लॉस लावून बघा. नागपुरात मिहानमध्ये बसत असाल तर कॉल चालू ठेवूनच ऑफिसबाहेर पडा आणि खापरीहून सीताबर्डीची मेट्रो धरा. वायफाय सुटून मोबाइल डेटा आला की आयसीई रीस्टार्ट (दोन्ही बाजूंमधला नेटवर्कचा मार्ग नव्याने शोधणं) होतो का, ते लगेच कळेल.