जावात तेच ते गेटर-सेटर किती वेळा लिहायचे?

प्रश्न: जावा १७, चाळीसेक क्लास, प्रत्येकात गेटर, सेटर (फील्ड वाचायच्या-बदलायच्या मेथड), इक्वल्स (दोन वस्तू समान आहेत का ते पाहणारी), हॅशकोड (वस्तू शोधायला वापरायचा आकडा देणारी). नवं फील्ड आलं की इक्वल्समध्ये घालायचं राहून जातं. सगळीकडे लॉम्बॉकचं (हा कोड आपोआप बनवणारी लायब्ररी) @डेटा लावू का?

उत्तर १: सरसकट नको. नुसती माहिती वाहून नेणारे क्लास रेकॉर्ड (फील्ड पुन्हा न बदलणारा छोटा क्लास) करा. जावा १६ पासून (२०२१) ते भाषेतच पक्के आहेत. एका ओळीत कन्स्ट्रक्टर, इक्वल्स, हॅशकोड, टूस्ट्रिंग (वस्तू मजकुरात दाखवणारी मेथड) मिळतं. मात्र नेम फील्डसाठी गेटनेम() नाही, नेम() मिळतं. गेट धरून चालणारा जुना कोड तिथेच अडतो. फील्ड लिस्ट असेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये लिस्ट.कॉपीऑफ (न बदलणारी प्रत) करा, नाहीतर ती बाहेरून बदलता येते.

उत्तर २: जेपीए एंटिटीला (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला क्लास) रेकॉर्ड चालत नाही: पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर हवा, क्लास फायनल नको. तिथे @डेटा तर मुळीच लावू नका. ऑर्डरमध्ये आयटम, आयटममध्ये ऑर्डर. दोघांचे टूस्ट्रिंग एकमेकांना बोलावत राहतात आणि स्टॅकओव्हरफ्लो (न संपणाऱ्या कॉलमुळे येणारी एरर) येतो. फक्त @गेटर, @सेटर लावा, इक्वल्स आयडीवर हाताने लिहा. हॅशकोड मात्र क्लासपुरता स्थिर ठेवा. हॅश आयडीवरून काढला आणि आयडी डेटाबेसकडून येत असेल तर सेव्हनंतर हॅश बदलतो आणि हॅशसेटमध्ये (हॅशवरून वस्तू शोधणारा संच) ठेवलेली वस्तू सापडत नाही.

उत्तर १: हे महत्त्वाचं. आणि लिस्टमध्ये नल (रिकामी जागा) असेल तर कॉपीऑफ नलपॉइंटरएक्सेप्शन फेकतं, तेही आधी तपासा.