मदत हवी आहे: जाताना बाळ दोन वर्षांच्या आत, परतताना दोन वर्षे पूर्ण, न्यूअर्क ते नागपूर तिकीट कसे काढावे?

सदाफुली:

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि डिसेंबरच्या २० तारखेच्या सुमारास नागपूरला सासरी जाण्याचे ठरवत आहोत. यजमानांची रजा थोडी असल्यामुळे ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकटे परततील आणि मी मुलाला घेऊन फेब्रुवारीच्या मध्यावर निघेन. मुलाला ४ फेब्रुवारीला दोन वर्षे पूर्ण होतात. म्हणजे जाताना विमानकंपनीच्या हिशेबात तो मांडीवरचे बाळ आहे, तर परतताना त्याच्यासाठी वेगळी जागा घेणे बंधनकारक आहे. नियम एवढाच आहे आणि तो मला समजला आहे. पण त्या नियमात बसेल असे तिकीट काढायचे कसे, याची मात्र जिथे विचारावे तिथे निराळीच उत्तरे मिळत आहेत.

एका संकेतस्थळावर बाळाची जन्मतारीख भरताच, परतीच्या दिवशी वय बसत नाही असे सांगून नोंदणी थांबते. दुसऱ्या ठिकाणी जन्मतारीख विचारलीच जात नाही. ‘दोन वर्षांखालील’ हा पर्याय निवडला की दोन्ही बाजूंचे इन्फंट तिकीट स्वस्तात समोर येते. मला तेच अधिक धोक्याचे वाटते, कारण फेब्रुवारीत मुंबईच्या काउंटरवर पासपोर्ट पाहून कोणी ‘आजच्या दराने जागा घ्या’ म्हटले आणि त्यातून विमान भरलेले असले, तर मी एकटी तिथे काय करणार? एका एजंटने जातानाचे इन्फंट आणि परतीचे मुलाचे एकेरी असे दोन वेगळे तिकीट सुचवले. परंतु एकेरी तिकिटाचा त्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही फोन ठेवला.

दुसरा प्रश्न मांडीचाच आहे. जाताना मुलगा साडेबावीस महिन्यांचा असेल आणि त्याचे वजन आताच १२ किलोच्या आसपास आहे. यजमानांचे म्हणणे असे, की ज्या जागेचे पैसे द्यावे लागत नाहीत ते देऊ नयेत, आपण दोघे आहोत, आळीपाळीने घेऊ. मला हे पटत नाही, पण माझ्याकडे भीतीखेरीज नेमका मुद्दा नाही. मुंबई ते नागपूर हा टप्पा वेगळा काढल्यास स्वस्त पडतो असे दिसते. त्यात काही खोच आहे का? शिवाय मी माहेरचे आडनाव बदललेले नाही आणि मुलाच्या अमेरिकी पासपोर्टवर त्याच्या नावाशेजारी वडिलांचे नाव व त्यांचे आडनाव आहे. एकटीने त्याला परत आणताना कोणती कागदपत्रे जवळ ठेवावीत? त्याचे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे) झालेले आहे.

नेमकी माहिती असलेल्यांनी कृपया लिहावे. ‘काही होत नाही, आमची तीन मुले अशीच आली’ या प्रकारचा धीर घरून भरपूर मिळत आहे, तो इथे नसला तरी चालेल.

खिडकीजवळची_जागा:

सदाफुलीताई, मी काही वर्षे विमानतिकिटांच्या एजन्सीत काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या बाळाचे भाडे साधारणपणे प्रौढ भाड्याच्या १० टक्के आणि वर कर असे असते. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे भाडे विमानकंपनी आणि भाड्याचा प्रकार पाहून प्रौढ भाड्याच्या ७५ टक्क्यांपासून थेट पूर्ण भाड्यापर्यंत कितीही असू शकते. संकेतस्थळे एका प्रवाशाला पूर्ण प्रवासासाठी एकच प्रकार लावतात. जाताना इन्फंट आणि येताना चाइल्ड असे मिश्रण त्यांना बहुधा जमत नाही, म्हणून एक संकेतस्थळ अडते आणि दुसरे डोळे मिटून पुढे जाते. त्या दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका, तुमची शंका रास्त आहे. अशा वेळी विमानकंपनीच्या आरक्षण कक्षालाच फोन करावा. तिथेही धोरण सर्वत्र सारखे नाही: काही कंपन्या परतीच्या टप्प्यापुरते मुलाचे भाडे लावून देतात, काही त्यासाठी वेगळे एकेरी तिकीट घ्यायला सांगतात, तर काही दोन्ही बाजू मुलाच्या भाड्यानेच काढायला लावतात.

आता हिशेब पाहा. प्रौढाचे जाऊन-येऊन मूळ भाडे कर सोडून १,२०० डॉलर आहे असे धरू. जातानाचे इन्फंट त्यातल्या अर्ध्याच्या १० टक्के, म्हणजे ६० डॉलर. अमेरिका आणि भारत यांच्यामधील एकेरी भाडे अनेक कंपन्यांकडे परतीच्या भाड्याच्या निम्म्याहून बरेच जास्त असते, आणि तुम्ही फोन ठेवलात तो त्याचमुळे. मुलासाठी ते ७०० निघाले असे समजा. एकूण ७६० झाले. याउलट ७५ टक्क्यांच्या दराने मुलाचे जाऊन-येऊन तिकीट ९०० डॉलरला पडते. म्हणजे १४० डॉलरच्या फरकात जातानाची अख्खी जागा मिळते आणि मुलाच्या तिकिटावर सामानही सहसा प्रौढाएवढेच नेता येते. हे आकडे मी केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत आणि मुलांना सवलत नसलेल्या भाड्यात फरक बराच वाढेल, परंतु तुमच्या तारखांचे खरे आकडे घालून ही बेरीज केल्याखेरीज ‘मांडीवर नेले की पैसे वाचतात’ हे यजमानांचे गृहीत स्वीकारू नका. ज्या मुलाला वाटेत दोन वर्षे पूर्ण होतात, त्याच्या बाबतीत ते पुष्कळदा खोटे ठरते.

तरीही इन्फंटच काढायचे ठरले, तर बाळाची नोंद यजमानांच्या नव्हे, तुमच्या तिकिटाला जोडून घ्या. तुमच्या परतीच्या तारखा वेगळ्या असल्यामुळे त्यांचा पीएनआर, म्हणजे आरक्षण क्रमांक, स्वतंत्र असलेलाच बरा. त्यांना काही कारणाने तारीख बदलावी लागली, तर बाळ त्यात गुंतायला नको. दोन्ही पीएनआरमध्ये एकमेकांचा उल्लेख टाकण्यास मात्र फोनवर आवर्जून सांगा, म्हणजे जाताना जागा शेजारी मिळणे सोपे जाते. आंतरराष्ट्रीय मार्गावर मांडीवरच्या बाळालाही स्वतःचा ई-तिकीट क्रमांक असावा लागतो. ‘बाळाची नोंद घेतली आहे’ एवढ्यावर समाधान न मानता तो क्रमांक मागून घ्या, विशेषतः तिकीट एका कंपनीने विकलेले आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असेल तेव्हा, कारण नोंद एकीकडे आणि तिकीट कुठेच नाही हा प्रकार नेमका तिथेच घडतो.

निशिगंध:

मांडीच्या प्रश्नाबद्दल लिहिते. पाळण्याची, म्हणजे पहिल्या रांगेसमोरच्या भिंतीला अडकवायच्या बॅसिनेटची, आशा सोडून द्या. बहुतेक कंपन्यांची मर्यादा १० ते ११ किलोच्या आसपास असते आणि बावीस महिन्यांचे मूल त्यात लांबीनेही मावत नाही. पाळणा मिळणार नसेल तर भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेचा हट्टही धरू नये, कारण तिथले हात ठेवायचे दांडे बहुधा वर उचलता येत नाहीत आणि मूल आडवे झोपवायला त्याच जागा सर्वांत गैरसोयीच्या ठरतात.

तुम्हाला भीतीखेरीज मुद्दा हवा होता, तो पट्ट्याचा आहे. युरोपातील, आखातातील आणि भारतातील कंपन्या मांडीवरच्या बाळासाठी आईच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा जोडपट्टा देतात. अमेरिकी कंपन्यांच्या विमानात तो मिळत नाही, कारण तिथली विमानवाहतूक यंत्रणा, म्हणजे एफएए, उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी त्याला परवानगीच देत नाही. आपटताना आईच्या देहाचा सगळा भार बाळावर येतो, असा त्यामागचा विचार आहे. म्हणजे तिथे बाळाला धरून ठेवणारे केवळ आपले हात. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडचे २३२ क्रमांकाचे विमान आयोवा राज्यात सू सिटी येथे उतरताना कोसळले, तेव्हा मांडीवर चार मुले होती आणि त्यांतले एक दगावले. अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने त्यानंतर प्रत्येक मुलाला स्वतःची जागा व बांधणी असावी अशी शिफारस वारंवार केली. एफएएने मात्र सक्ती केलेली नाही. जागेचा खर्च नको म्हणून कुटुंबे मोटारीने जाऊ लागतील आणि रस्त्यावर अधिक मुले दगावतील, असे तिचे उत्तर असते. अमेरिकेतल्या अमेरिकेत हा युक्तिवाद समजू शकतो. न्यूअर्कहून नागपूरला मोटारीने कोणीच जाणार नाही!

अपघात दुर्मीळ असतात हे खरे, परंतु हवेतले अचानक बसणारे हादरे दुर्मीळ नसतात आणि १२ किलोचे झोपलेले मूल अशा हादऱ्यात हातात धरून ठेवता येईल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. आळीपाळीने घेण्याची कल्पना दिवसा ठीक आहे. रात्री मात्र मूल ज्याच्या अंगावर झोपते त्याच्याच अंगावर उतरेपर्यंत असते आणि तो आळीपाळीचा करार आपोआप रद्द होतो. आमच्या घरी या करारातला दुसरा पक्ष चित्रपट पाहून झोपी गेला होता.

सदाफुली:

दोघांचेही मनापासून आभार. जोडपट्ट्याचा फरक मला अजिबात ठाऊक नव्हता. काल रात्री यजमानांना वरचा हिशेब आमच्या तारखांचे आकडे घालून करायला लावला. फरक १४० डॉलरपेक्षा बराच अधिक आला, पण ते मनात धरून बसले होते त्याच्या निम्माही नव्हता, त्यामुळे जातानाही जागा घेण्यावर एकमत झाले आहे. आता त्या जागेवर त्याला बसवायचे कसे, हा प्रश्न उरतो. आमची कारसीट अवजड आहे आणि नागपूरला तिचा फारसा उपयोग होईल असे वाटत नाही. नुसता विमानातला पट्टा पुरेल का?

निशिगंध:

परतताना नियमाने पुरतो, कारण दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला विमानातला साधा पट्टा लावण्याची मुभा आहे. जाताना त्याला दोन वर्षे पूर्ण नसतील, त्यामुळे त्या वेळचे कंपनीला विचारून घ्या. पण या वयाची मुले त्यातून खाली घसरतात. कारसीट न्यायची असेल तर तिच्यावर ती मोटारीसाठी आणि विमानासाठी प्रमाणित असल्याचे छापलेले असावे लागते. ती खिडकीजवळच्या जागेवर लावावी लागते आणि तिची रुंदी साधारण १६ इंचांपर्यंत असेल तरच इकॉनॉमीच्या जागेत सरळ बसते. तुम्हाला मी केअर्स नावाचे पट्टे पाहायला सुचवेन. ते १० ते २० किलो वजनाच्या मुलांसाठी असून एफएएने मान्य केलेले आहेत, खांद्यावरून येऊन विमानाच्याच पट्ट्यात अडकतात आणि घडी करून लहानशा पिशवीत मावतात. त्यांचा एक पट्टा खुर्चीच्या पाठीभोवती, मागच्या प्रवाशाच्या टेबलाखालून गुंडाळावा लागतो, म्हणून मागे बसलेल्यांना आधी सांगावे. अमेरिकेबाहेरील प्रत्येक कंपनी ते स्वीकारतेच असे नाही. तुमच्या दोन्ही टप्प्यांच्या कंपन्यांकडून लेखी होकार घ्या आणि तो ईमेल छापून जवळ ठेवा. मोटारीत हे पट्टे चालत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

संत्र्याची_बाग:

मी नागपूरचाच, मुले-नातवंडे तिकडे असल्याने या वाटेचा चांगला परिचय आहे. सूनबाई, नागपूरचा टप्पा वेगळा काढू नका. एकाच तिकिटावर असला, तर तुमच्या आंतरराष्ट्रीय सामानाची मर्यादा सामान्यतः नागपूरपर्यंत लागू राहते. वेगळा काढला, तर देशांतर्गत इकॉनॉमीचे १५ किलोच हाती येतात आणि तेवीस-तेवीस किलोच्या बॅगांवर जादा वजनाचे जे पैसे मोजावे लागतात त्यात स्वस्ताई संपून जाते. मुंबईत सामान घेऊन कस्टम्समधून बाहेर काढणे आणि पुन्हा जमा करणे दोन्ही प्रकारांत आहेच. परंतु पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी एकाच तिकिटात विमानकंपनीवर राहते, वेगळ्या तिकिटात तुमच्यावर येते. पुढचे विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल, तर मूल आणि सामान घेऊन रस्त्याने जावे लागेल, तेही पाहून घ्या. मुलाची जागा घेतच आहात, तर आणखी एक गोष्ट: भारतातील विमानवाहतूक नियामक डीजीसीएने २०२४ मध्ये विमानकंपन्यांना बजावले आहे, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील आईवडिलांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी. म्हणून मुलगा दोन्ही वेळा तुमच्याच पीएनआरमध्ये असू द्या.

खिडकीजवळची_जागा:

कागदपत्रांचा प्रश्न राहिला होता. तिकिटावर मुलाचे नाव पासपोर्टवरील नाव आणि आडनाव हे दोन रकाने पाहून जसेच्या तसे घालावे. वडिलांचे नाव पासपोर्टवर नावाच्या रकान्यात असेल तर तिकिटावरही ते तिथेच यावे, आणि दोन शब्द जोडून छापले गेले तरी घाबरू नये, विमानकंपन्यांच्या यंत्रणेत ते नेहमीचेच आहे. तुमचे आणि मुलाचे आडनाव वेगळे असल्यामुळे आईवडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला जवळ ठेवा. यजमानांकडून, तुम्ही डिसेंबरात निघण्यापूर्वीच, मुलाने एकट्या आईबरोबर प्रवास करण्यास संमती असल्याचे पत्र नोटरीसमोर सही करून घ्या. अमेरिकेचा सीमाशुल्क विभाग असे पत्र बाळगण्याचा सल्ला देतो आणि मागितले गेले नाही तरी त्याचा भार काही होत नाही. ओसीआय कार्ड मूळ प्रतीतच न्यावे. मुलांच्या बाबतीत ऑनलाइन चेक-इन कागदपत्रांच्या तपासणीसाठी मधेच थांबते, त्यामुळे फेब्रुवारीत मुंबईला काउंटर उघडण्याच्या सुमारास पोहोचा.

जागा मात्र तिकीट हाती येताच, त्याच फोनवर निवडून घ्या: जाताना खिडकीशी मुलगा, मध्ये तुम्ही आणि कडेला यजमान, परतताना खिडकी आणि तिच्या शेजारची. मुलाचे जेवणही त्याच वेळी सांगून टाका, ते निदान २४ तास आधी नोंदवावे लागते.