टुलॉक रोडच्या नावाबाबत

सचिव: नमस्कार. ताजमहाल हॉटेलमागच्या टुलॉक रोडचे नाव बदलण्यासाठी सोसायटीने महापालिकेला पत्र द्यावे, अशी एका सभासदांची सूचना आहे. रविवारच्या सभेपूर्वी आपापली मते येथे नोंदवावीत.

सदनिका ४०२: सचिवसाहेब, माझा याला विरोध आहे, आणि त्यामागे इंग्रजी राजवटीविषयी ओढ मुळीच नाही. मेजर हेक्टर टुलॉक हे रॉयल इंजिनिअर्स या लष्करी दलातले अभियंते पुढे मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता झाले, तेव्हा शहराची तहान १८६० मध्ये पूर्ण झालेल्या एकट्या विहार तलावावर भागत होती आणि वाढत्या वस्तीला ते पाणी पुरणार नाही हे उघड दिसत होते. शहापूरकडच्या तानसा नदीवर धरण बांधून तिथून पाणी आणावे, ही योजना त्यांनी मांडली. ती लगेच हाती घेतली गेली नाही. आधी १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला आणि तानसाचे पाणी मुंबईत यायला १८९२ उजाडले. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत तानसा आहेच.

सदनिका २०१: ताई, हे सारे मान्य. पण योजना मांडली एकाने, आणि दगड फोडणारे, चर खणणारे, नळ टाकणारे असंख्य हात आपल्याच माणसांचे होते, त्यांची पाटी कुठेच नाही. शिवाय ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी येते, तिथल्या कित्येक पाड्यांना आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मला खरी बोच त्याची आहे.

सदनिका ४०२: दादा, ही बोच मलाही आहे. मात्र नाव बदलल्याने त्या पाड्यांपर्यंत पाणी पोहोचणार नाही, उलट तानसाची आठवण देणारी एक खूण तेवढी पुसली जाईल. नुसत्या नावाने काही कळत नाही हेही खरे. ‘मोडकसागर भरून वाहू लागला’ ही बातमी आपण दर पावसाळ्यात आनंदाने पुढे पाठवतो, पण हे मोडक महापालिकेचेच अभियंता होते, हे आपल्या इमारतीत किती जणांना ठाऊक असेल? म्हणून पाटी राहू द्यावी आणि तिच्याखाली मराठीत माहितीफलक लावावा, ज्यात टुलॉक यांच्याबरोबर धरण बांधणाऱ्या मजुरांचा आणि शहापूरचाही उल्लेख असेल.

सदनिका २०१: असा फलक होणार असेल, तर नावाचा आग्रह मी सोडतो. शहापूरचा परिच्छेद मी लिहून देतो.

सचिव: उत्तम. दोघांनी मिळून शनिवारपर्यंत मसुदा द्यावा. सभेने मान्य केल्यास अर्ज ए विभाग कार्यालयात दाखल करू.