"आई, बाबा बँकेत असते तर तू प्रार्थना केली असतीस?" मुलीला काय सांगू?

रंकाळ्याकाठची
सगळ्यांना सलाम. चर्चच्या पाळकाची बायको म्हणून माझं हे एकोणिसावं वर्ष, त्यातली शेवटची आठ कोल्हापुरात. प्रश्न घरातला आहे, पण मंडळीत कुणाला विचारता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

शनिवारी रात्री प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीला पाव आणि द्राक्षरस देतात त्या विधीची, तयारी चालली होती. काळी द्राक्षं उकळून रस गाळला, पावाच्या कडा काढून बारीक तुकडे केले. मग एकशेवीस चिमुकले काचेचे पेले. साबणाचा वास राहतो म्हणून मी ते नुसत्या कढत पाण्याने धुते आणि एकेक उजेडात धरून बघते, कारण तळाशी मागच्या खेपेचं जांभळं वर्तुळ चिकटून राहतं. मुलगी नववीत आहे, ती पुसायला बसते. पुसता पुसता तिने वर लिहिलेला प्रश्न विचारला.

मी म्हटलं, "केलीच असती." पण उत्तर जरा जास्तच पटकन आलं. ते तिलाही कळलं.

खरं असं आहे की गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्याआधी चार महिने सगळी मंडळी त्यांच्यासाठी उपास-प्रार्थना करत होती, मीही. त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही खंबीर आहात म्हणून आम्हाला धीर येतो." तेव्हापासून सकाळी सहाला बेल वाजली, कुणाचा पगार अडकला, कुणाच्या सुनेचं दुखलं, की मी डोळे मिटून प्रार्थना करते, अगदी मनापासून करते. स्वतःसाठी गुडघे टेकले की मात्र एक शब्द फुटत नाही. ह्यांना माहीत आहे. मुलीला सांगावं का?

मिरजेची मावशी
पोरी, सांग. मीही तीस वर्षं पाळकाच्या घरात काढली. आपल्या मुलांना आईचा देव बाबांच्या नोकरीबरोबर आला असं वाटतं, आणि आपण गप्प बसून ते पक्कं करतो. लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. नारायणरावांचा बाप्तिस्मा १८९५ चा, बाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं त्यांनी स्वतःच्या मनाशी झगडण्यात घालवली. नवऱ्याने घेतला म्हणून लगेच घेतला नाही, म्हणून तर त्यांचा विश्वास त्यांचा स्वतःचा वाटतो. बायबलमधलं स्तोत्र १३ काढ. सहाच वचनं आहेत, आणि दाविदाची सुरुवातच "कोठवर" या तक्रारीने होते. तुला शब्द सुचत नसतील तर त्याचे घे.

शाहूपुरी चौथी गल्ली
वहिनी, मी तुमच्या मंडळीतला नाही, पण आमच्याही पाळकांच्या घराची बेल आम्ही वेळ-काळ न बघता दाबतो. वाचून वाईट वाटलं. मावशींपेक्षा माझं मत थोडं वेगळं आहे. चौदा वर्षांच्या पोरीवर सगळं एकदम टाकू नका. आजी तिचीही गेली आहे. आधी तिला काय वाटतं ते विचारा.

बावड्याचा माळकरी
मी वारकरी घरातला, मध्ये बोलतोय, माफ करा. आमच्या तुकोबांनी विठ्ठलाला किती खडसावलंय! भांडण होतं तेही त्याच्याशीच. तुमच्या घरातही ते चालत असेल असं वाटतं.

रंकाळ्याकाठची
दादा, चालतं. आभार.

काल बोललो. चौथ्या गल्लीचं ऐकून आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "आजीसाठी मीपण उपास धरला होता, मग मी पुरेसं केलं नाही का?" एवढे दिवस हे ती मनात घेऊन फिरत होती आणि मी पेले उजेडात धरून बघत होते.

मग मी माझं सांगितलं. सांगताना २०१९ चा ऑगस्ट आठवला. पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती, हायवे शिरोलीजवळ बंद, पंपिंग स्टेशन पाण्यात गेल्यामुळे नळ कोरडे. आमच्या हॉलमध्ये पूरग्रस्त घरं उतरली होती. त्या आठवड्यात मी एकदाही गुडघे टेकले नव्हते. खिचडीचं पातेलं ढवळताना "प्रभू, तांदूळ पुरू दे" एवढंच म्हणायचे. ती तेव्हा आठ वर्षांची होती. म्हणाली, "मला आठवतंय. तू पातेल्याआड रडत होतीस. पाळकाची बायको म्हणून कुणी तसं रडत नाही." तिच्या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं.

मावशी, रात्री दोघींनी स्तोत्र १३ काढलं. पहिली चार वचनं मी मोठ्याने वाचली. शेवटच्या दोन वचनांत तो भरवसा ठेवतो आणि गातो, तिथे माझा आवाज अडला. ती दोन तिने वाचली.